ओडार्कामावशीनं पाहिलेलं स्थळ

आमच्या यारिव्का गावात कुणाच्या मुलीचं लग्न जमायला आलं की पहिलं बोलावणं ओडार्कामावशीला जायचं. आमच्याकडे मुलगी देण्याआधी मुलीकडची माणसं मुलाचं घर बघून येतात. म्हणायचं जेवायला चाललोय, आणि बघायचं सगळं. आईबापांना दुसऱ्याच्या घरात नजर फिरवायला लाज वाटते, म्हणून एखादी धीट बाई सोबत न्यायची. ओडार्कामावशीला, म्हणजे ओडार्का तिमोफिइव्नाला, लाज नावाची गोष्ट देवानं दिलीच नव्हती. "जरा हात धुऊन येते" म्हणून ती जी उठायची, ती भट्टीचं दार उघडून बघ, गादीचा कोपरा उचलून बघ, तळघरातले बटाटे चाचपून बघ, असं करत अख्खं घर पालथं घालायची. वर यजमानीणबाईंना म्हणायची, "किती टापटीप ठेवलंय हो तुम्ही!" खरं मत परतीच्या वाटेवर बाहेर पडायचं.

तिचं नाव झालं ते एका गायीमुळे. शेजारच्या वस्तीतल्या एका घरानं पाहुण्यांवर छाप पाडायला म्हणून शेजाऱ्याची गाय मागून आणली होती आणि दोन गायी आमच्याच म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी गुरं परतली. घरची गाय मुकाट गोठ्यात शिरली. दुसरी गोठ्याच्या दारात थबकली आणि मान वळवून शेजाऱ्याच्या फाटकाकडे बघत हंबरायला लागली. सगळे खाली बघत बसले. ओडार्का तेवढी म्हणाली, "अगं बाई, हिला माहेरची आठवण आलेली दिसते." ते लग्न तिथेच मोडलं. नवरीमुलगी ओडार्काच्या शेजारणीची, मोत्र्याची, धाकटी बहीण होती. मोत्र्यानं कित्येक दिवस ओडार्काशी अबोला धरला. ओडार्काला त्याचं वाईट वाटलं, पण आपण तोंड उघडलं हे चुकलं असं कधी वाटलं नाही. जे दिसलं ते सांगायचं, नाहीतर न्यायचं कशाला मला, हे तिचं म्हणणं.

आता ते दिवस गेले. पोरंपोरी शहरात भेटतात, तिथेच बिऱ्हाड थाटतात आणि मग घरी फोन करतात. ओडार्काला कुणी बोलावेनासं झालं. नवरा प्रोकिप गेला होता, मुलगा पोलंडमध्ये बांधकामावर. तिच्याजवळ कोंबड्या उरल्या, एक अक्रोडाचं झाड उरलं आणि फुकट चाललेली चौकस नजर उरली. ही नजर मग ती फाटकाशेजारच्या बाकावर बसून रस्त्यावर खर्च करायची. कोण कुठून आलं, पिशवीत काय आहे, पिशवी जड आहे की जड असल्यासारखी धरलीय, सगळं तिला कळायचं.

गावाच्या टोकाला अनाथालय आहे; धाकट्यांचा वर्ग तिथेच भरतो, मोठी मुलं गावच्या शाळेत येतात. मुलं दत्तक घ्यायला परदेशातून माणसं येतात आणि कोर्टाची तारीख मिळेपर्यंत त्यांना इथेच राहावं लागतं. यारिव्कात हॉटेल कुठलं? म्हणून ओडार्का आपलं घर त्यांना भाड्यानं द्यायची आणि स्वतः अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात मुक्काम हलवायची. तिथे चूल होती, खाट होती, आणि मुख्य म्हणजे एक खिडकी होती, ती बरोबर घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. मोत्र्या म्हणायची, "ही भाड्यासाठी घर देते असं वाटतं होय तुम्हाला? ही तिकीट काढून बसते." ओडार्कानं हे कधी नाकारलं नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरात आले ते अमेरिकेतले डेल आणि रोझॅन. दोघंही पन्नाशी ओलांडलेली. डेल दारातून आत यायचा तर जरा वाकूनच. तिकडे त्याचं टायर बसवायचं दुकान होतं. रोझॅन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, चष्मा साखळीला बांधून गळ्यात अडकवायची आणि मग घरभर शोधायची. त्यांची भाषा कुणाला येत नव्हती. दुभाषी म्हणून लिलिया नावाची पोरगी जिल्ह्याच्या गावाहून रोज सकाळी यायची आणि संध्याकाळच्या बसनं परत जायची.

गावाला कोडं पडलं ते वेगळंच. लहान तान्हं बाळ न्यायला लोक येतात हे समजण्यासारखं होतं. हे दोघं समुद्र ओलांडून आले होते ते तेरा वर्षांच्या युस्तिनासाठी आणि तिच्या आठ वर्षांच्या भावासाठी, ओस्तापसाठी. युस्तिना म्हणजे कोण? शाळेत मास्तरांना उलट उत्तर देणारी, ओडार्काच्या झाडाचे अक्रोड खिसे भरभरून नेणारी, आणि पकडली गेली तर "पडलेलेच घेतले" म्हणून डोळ्याला डोळा भिडवणारी. असली तयार झालेली पोर घेऊन करायचंय काय?

"घरकामाला," मोत्र्या म्हणाली. "मुलगा दुकानात, मुलगी भांड्यांना."

"भांड्यांना त्यांच्याकडे यंत्र असतं," ओडार्का म्हणाली.

"मग त्याहून वाईट काहीतरी असेल," मोत्र्या म्हणाली आणि तिनं छातीवर बोटांनी क्रूसाची खूण केली.

ओडार्कानं लिलियालाच विचारलं. लिलियानं खांदे उडवले. "त्यांची स्वतःची मुलं मोठी झालीत, मावशी. घर रिकामं पडलंय. म्हणतात, बाळांना तर सगळेच नेतात." ओडार्काला हे उत्तर पटलं नाही, खोटंही वाटेना. तिची उत्सुकता उलट वाढली.

तशात एके दिवशी शाळेत जाताना युस्तिना बाकावर येऊन बसली. अक्रोडाचे दिवस संपले होते, म्हणजे काम दुसरंच होतं.

"आजी, तुम्ही लोकांची घरं बघायला जायच्या म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळे. ते गायीचंपण सांगतात."

"मग? तुझं लग्न ठरलं की काय? आधी नाक पूस."

युस्तिनानं बाहीनं नाक पुसलं, पण ती हसली नाही. "माझ्यासाठी बघा ना."

"अगं, त्यांचं घर समुद्रापलीकडे. मी काय चेटकिणीसारखी केरसुणीवर बसून जाऊ?"

"घर नको. माणसं बघा. तुमच्याच तर घरात राहतात ती."

ओडार्का तिच्याकडे वळून बसली. कितीतरी वर्षांत असं बोलावणं आलं नव्हतं, आणि आलं ते असं, नवरीमुलीकडून थेट. "बरं. काय बघू?"

"राग आला की काय करतात ते."

युस्तिना दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. "आमच्याकडे येतात तेव्हा सारखे हसत असतात. आमचा बापपण पाहुण्यांसमोर हसायचा. पाहुणे गेले की..." ते वाक्य तिनं तिथेच सोडलं. "पुढच्या आठवड्यात कोर्ट आहे. न्यायाधीशबाई मला विचारणार, जायचंय का. मी नाही म्हटलं तर ओस्तापलापण नेता येत नाही. आम्हाला वेगळं करत नाहीत. आणि तो येडा आत्तापासून डेलच्या खांद्यावरून खाली उतरत नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मला माहीत करून घ्यायचंय."

"मी दिसेल तेच सांगेन हं. गोड करून सांगायची नाही," ओडार्का म्हणाली.

"म्हणून तर तुमच्याकडे आले," युस्तिना म्हणाली आणि शाळेत पळाली.

ओडार्का त्या दिवशी दहा वर्षांनी तरुण झाली. तिनं खिडकीची काच पुसली, खाट सरकवून खिडकीशी घेतली आणि कामाला लागली. दुसऱ्याच दिवशी पहिला अहवाल तयार होता.

"ऐक. झोपतात खिडकी उघडी टाकून. नोव्हेंबरात! वारं आरपार. पाणी पितात ते गार, तेही जेवताना. ती बाई दगडी पायरीवर नुसती बसते, खाली काही न घेता. गार दगडानं कूस बिघडते, या वयात बरं आहे म्हणायचं. तो घरात शीळ घालतो. घरात! पैसा टिकायचा नाही त्यांच्याकडे. आणि पडदे ओढत नाहीत."

"ते सोडा आजी. रागाचं काय?"

"राग नाही आला अजून."

तिसऱ्या दिवशीही तेच. रागाचं काय? नाही आला. ओडार्का बेचैन व्हायला लागली. ही माणसं सकाळी उठून हसायची, कोंबड्यांना बघून हसायची, लिलिया उशिरा आली तर हसायची. आमच्याकडे रस्त्यावर अनोळखी माणसाकडे बघून कुणी हसलं तर लोक आधी त्याची शुद्ध तपासतात. हसणाऱ्या माणसाच्या आत काय आहे ते बघायचं कसं? भट्टी उघडता येते, गादी उचलता येते. हसणं कुठून उचलायचं?

राग येत नसेल तर आणला पाहिजे, असं तिनं ठरवलं.

आधी तिनं बोर्शमध्ये, म्हणजे बिटाच्या सारात, मूठभर मीठ जास्त घातलं आणि पातेलं त्यांना नेऊन दिलं. स्वतः खिडकीशी बसली. डेलनं पहिला चमचा तोंडात घातला, जरा थांबला, रोझॅनकडे बघितलं. मग त्यानं दोन वाट्या संपवल्या, त्यावर घटाघटा पाणी प्यायला, आणि भांडं परत द्यायला आला तेव्हा लिलियानं शिकवलेला "फार चवदार" हे शब्द घाम पुसत दोनदा म्हणाला.

मग रोझॅन अंघोळीला गेल्याचं बघून तिनं गरम पाण्याच्या टाकीचं बटण बंद केलं. आतून किंकाळी आली, आणि मागोमाग हसणं. डेल किटली घेऊन धावला. दुसऱ्या दिवशी बघते तर टाकी बिघडली असं समजून त्यानं ती उघडून, पुसून, आतला चुन्याचा थर खरवडून पुन्हा बसवली होती. पाणी प्रोकिपच्या काळात येत नव्हतं इतकं कडक यायला लागलं.

कोंबडा तिनं पहाटे नेमका त्यांच्या उघड्या खिडकीखाली डालला. रोझॅननं त्याचं आरवणं फोनमध्ये भरून घेतलं आणि लिलियाला कौतुकानं ऐकवलं. शेवटी तिनं डेलचा एक बूट लपवला. डेलनं जरा शोधाशोध केली, मग दाराशी पडलेले प्रोकिपचे जुने रबरी बूट पायात अडकवले आणि तसाच अनाथालयात गेला. ते त्याला दोन मापं लहान होते. मुलांनी त्याच्या फेंगड्या चालण्याची नक्कल केली म्हणे, आणि त्यानंही मुलांबरोबर स्वतःची नक्कल करून दाखवली.

ओडार्कानं हात टेकले. "पोरी, मला काही कळेना. एकतर ही देवमाणसं आहेत, नाहीतर पक्के बिलंदर."

"आणि कोर्ट मंगळवारी आहे," युस्तिना म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं. "आजी, राग येतच नाही असं माणूस असतं?"

"मी तरी नाही बघितलं."

"मग लपवतायत."

एवढी घरं पालथी घातली आणि या पोरीला एक साधी गोष्ट सांगता येत नाही, याची ओडार्काला शरम वाटली, आणि शरम वाटायची सवय नसल्यामुळे ती रात्रभर कुशी बदलत राहिली.

आणि मग रविवारी संध्याकाळी, ती बटाटे सोलत असताना, तिनं काही न करताच ते घडलं.

घराच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता आणि पडदे नेहमीसारखे उघडे. आधी आवाज आले. डेल टेबलापाशी उभा राहून काहीतरी बोलत होता, रोझॅन पाठ करून भांडी विसळत होती आणि मान न वळवता उत्तर देत होती. मग तिनं मान वळवली. मग दोघंही एकदम बोलायला लागले. कशावरून ते ओडार्काला आजतागायत कळलेलं नाही. शब्द एकही कळत नव्हता. आवाज मात्र चढत चालला होता. ओडार्काच्या हातातला बटाटा हातातच राहिला. डेलचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. टेबलावर ओडार्कानंच दिलेली, लोणच्यातल्या टोमॅटोंची मोठी काचेची बरणी होती. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि खाली आपटली.

अंगणापलीकडे आवाज आला. टोमॅटो भिंतीपर्यंत उडाले.

ओडार्का सुरी हातात धरूनच उभी राहिली होती. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते. प्रोकिप जाऊन इतकी वर्षं झाली. जिवंत होता तेव्हा तो नुसता फाटकाची कडी जरा जोरात लावायचा आणि तिचे खांदे असेच वर जायचे. आज तो कडी लावून येतोय की आपटून, यावरून ती रात्रीचं जेवण कसं वाढायचं ते ठरवायची. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा फारसं सांगितलं नव्हतं.

तिनं डेलकडे बघितलंच नाही. ती रोझॅनकडे बघत होती.

रोझॅनचे खांदे जागच्या जागी होते.

ती दचकली नाही, मागे सरली नाही, हात तोंडावर नेला नाही. तिनं खाली फरशीकडे बघितलं, मग डेलकडे, आणि त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत जे सुरू केलं ते थांबेचना. बोलत बोलत ती कोपऱ्यात गेली, केरसुणी आणली आणि त्याच्या हातात कोंबली. तो एवढा मोठा माणूस केरसुणी धरून उभा राहिला. मग वाकला. मग गुडघ्यांवर बसून काचा वेचायला लागला. रोझॅन स्टुलावर बसून त्याला झापतच होती. तो केर काढत तिच्यापाशी आला तेव्हा तिनं बोलणं न थांबवता दोन्ही पाय वर उचलले, खालून झाडता यावं म्हणून, आणि झाडून झाल्यावर पुन्हा खाली ठेवले.

ओडार्का खाटेवर बसली. आयुष्यभर ती घरं बघत आली होती. धान्य किती, छप्पर पत्र्याचं की गवताचं, गाय कुणाची. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी तिची आत्या प्रोकिपचं घर बघून आली होती आणि मधमाश्यांच्या पेट्या मोजून खूश झाली होती. दार वाजलं की त्या घरातली सासू कशी उभी राहते, हे आत्यानं बघितलं नाही. ओडार्कानंही मग कुठल्याच घरात बघितलं नाही. किती मुलींना आपण "चांगलं आहे, द्या" म्हणून सांगितलं, हे आठवायचा तिनं प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. डेल उभा होता. अंगठ्यातून रक्त येत होतं आणि दुसऱ्या हातात छोटा शब्दकोश. पानात बोट घालून तो एकेक शब्द वाचत म्हणाला, "बरणी. मी. राग. माफ करा." त्यात हसणं नव्हतं. ओडार्कानं त्याला बसवलं, अंगठ्याला ते हिरवं औषध लावलं, जे आमच्याकडे गुडघा फुटण्यापासून कांजिण्यांपर्यंत सगळ्याला लावतात, आणि चिंधी बांधली. औषध झोंबलं तसा तो हायहुई करायला लागला. "झोंबू दे," ओडार्का म्हणाली. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं मान हलवली.

सोमवारी सकाळी लिलिया आली ती अंगणातूनच हात जोडत. डेलनं तिला सगळं सांगितलं होतं.

"मावशी, पाया पडते. कुणाजवळ बोलू नका. कोर्ट उद्या आहे. मोत्र्याला कळलं की गावाला कळलं, गावाला कळलं की अनाथालयाला. आणि त्या मुलीला तर मुळीच नको. ती आधीच काठावर उभी आहे. एवढंसं कारण मिळालं तर नाही म्हणून मोकळी होईल."

"एवढंसं आहे तर लपवायचं कशाला?"

"अहो, माणूस आहे! एकदा चिडला!"

"तेच तर बघायचं होतं," ओडार्का म्हणाली.

"त्या लहानग्याचा तरी विचार करा," लिलिया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तो काल मला विचारत होता, अमेरिकेत माझी खाट खिडकीपाशी असेल का. तिनं उद्या नाही म्हटलं तर याला मी काय सांगू?"

हे मात्र ओडार्काच्या वर्मी लागलं. लिलिया आत गेली तरी ती कोंबड्यांचं दाण्यांचं भांडं धरून अंगणात उभीच होती. गाय कुणाची हे सांगताना तिला कधी विचार करावा लागला नव्हता. मोडलं तर मोडलं, दुसरं स्थळ मिळतं. या दोघा भावंडांना दुसरं कोण मिळणार होतं? कोण येणार होतं पुन्हा समुद्र ओलांडून, उलट उत्तरं देणाऱ्या मुलीसाठी? एक शब्द गिळला तर ओस्तापला खिडकीपाशी खाट मिळत होती. "काही नाही ग, हसतच असतात" एवढंच म्हणायचं. पोरीला कळणारही नाही.

कळेल, तिला वाटलं. तिकडे गेल्यावर कधीतरी एक बरणी फुटेलच. तेव्हा ती पोर म्हणेल, आजीनंपण फसवलं.

युस्तिना शाळेच्या वेळेआधीच आली. आली ती बसली नाही, फाटकाला टेकून उभी राहिली. ओडार्काच्या चेहऱ्यावरून तिला कळलंच असावं.

"आला राग?"

"आला."

"कुणाला?"

"त्याला. तिलापण, पण आधी त्याला. बरणी आपटली. माझी. टोमॅटोची."

युस्तिनाचा चेहरा मिटल्यासारखा झाला. तिनं मान हलवली, जणू हे तिला माहीतच होतं. "तिला मारलं?"

"नाही."

"हात उगारला?"

"हातात बरणी होती ती खाली आपटली. तिच्याकडे नाही, खाली. मग माझ्याकडे येऊन माफी मागून गेला, ती शब्दकोशातून शोधून. पण ते सोड. माफी तर सगळेच मागतात. मी तुला दुसरं सांगते. बस इथे."

युस्तिना बसली. तेवढ्यात पलीकडे मोत्र्यानं आपल्या फाटकाची लोखंडी कडी धाडकन लावली आणि पिशवी घेऊन बाजाराकडे निघाली.

बाकावर दोघींचे खांदे एकदम वर गेले.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. म्हातारीनं पोरीचे खांदे बघितले, पोरीनं म्हातारीचे. मोत्र्या "काय ग, थंडी वाजतेय का दोघींना?" म्हणत पुढे गेली. ओडार्काचे खांदे हळूहळू खाली आले. या वेळी तिला ते येताना कळले.

"तुमचेपण?" युस्तिनानं विचारलं.

"माझेपण."

"तुम्हाला कोण मारायचं?"

"जो होता तो. आता नाही." ओडार्कानं घसा साफ केला. "तर मी काय सांगत होते. बरणी फुटली तेव्हा मी त्या बाईचे खांदे बघत होते. हलले नाहीत. एवढासुद्धा नाही. मी इथे, अंगणापलीकडे, आणि माझे असे झाले. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि तिला पत्ताच नाही. उलट त्याच्यावर ओरडली. केरसुणी दिली हातात."

"त्यानं घेतली?"

"घेतली. गुडघ्यांवर बसून झाडलं सगळं. तो जवळ आला तर तिनं पाय वर घेतले, खालचं झाडायला. घाबरून नाही. बसल्या बसल्या घ्यावे तसे."

रस्त्यावरून शाळेची मुलं गेली, कुणीतरी युस्तिनाला हाक मारली, तिनं बघितलं नाही.

"किती वर्षं झाली त्यांच्या लग्नाला?"

"लिलिया म्हणते तीस तरी."

"तीस वर्षं," युस्तिना म्हणाली. "तीस वर्षांत एकदा जरी मारलं असतं तर हलले असते ना?"

"हलले असते."

"नक्की?"

"पोरी, हे मला नक्की माहीत आहे."

युस्तिनानं दप्तर मांडीवर घेतलं. मग तिनं जे विचारलं त्याची ओडार्काला कल्पना नव्हती. "आजी, त्यांच्याकडे राहिलं, खूप दिवस राहिलं, तर माझेपण वर जायचे थांबतील?"

ओडार्काच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. हो म्हणायला किती सोपं होतं. "माहीत नाही ग," ती म्हणाली. "माझे नाही थांबले. पण मी इथनं कुठे गेलेच नाही."

युस्तिना उठली. तिनं ओडार्काच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी भिंतीचा ओलावा चाचपून बघावा तसा, आणि जरा दाबून बघितला.

"मी जाऊन बघते," ती म्हणाली. "आणि जे दिसेल ते तुम्हाला कळवते. गोड करून नाही."

शाळेची घंटा झाली होती. ती शाळेकडे गेलीच नाही. ती अनाथालयाच्या दिशेनं परत वळली आणि कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन मग पळायला लागली, ओस्तापला सांगायला.